आईची मुलाखत आणि डीपीची खरखर

आई रेडिओवर शेवंतीबद्दल बोलली, त्या दिवशी मी शिरूरहून मुद्दाम माहेरी, राहू गावाला आले होते. पुण्याच्या एक बाई बागेत येऊन मुलाखत घेऊन गेल्या होत्या. ती संध्याकाळी एकदाच लागणार होती. आई दुपारीच नवी साडी नेसली. रेडिओवर कोण बघणार होतं, देव जाणे!

पण आमच्याकडं रेडिओ ऐकू येईल तर ना! उसापलीकडच्या विजेच्या डीपीवरची, तार धरणारी चिनीमातीची चिमणी तडकलीय. तिथं ठिणग्या उडतात आणि आमच्या सेलवरच्या रेडिओत मोहरी तडतडते. लाइनमनला सांगून जीभ झिजली. "मोटरी चालत्यात ना? मग रेडिओचं काय घेऊन बसलाय!" हे त्याचं ठरलेलं. मोबाइलला रेंज नाही. आईचं तोंड एवढंसं झालं.

आबा, म्हणजे माझे वडील, उठले. "डीपीचा हँडल खाली ओढून लाइनच बंद करतो."

"लोकांचं ऊस भिजवणं चाललंय की!" मी म्हटलं.

"भिजंल मागनं."

शेजारी हो म्हणाले. पण मोटर बंद पडली की हो म्हणणाराच येऊन हँडल वर करतो, हे आबांना ठाऊक. म्हणून ते डीपीपाशीच ठाण मांडून बसले. तिथून घरातलं काही ऐकू येत नाही.

खरखर थांबली. आईचा आवाज आला तशी तिनं तोंडाला पदर लावला. रेडिओतली आई मात्र धीट. कळी कधी खुडायची, पाणी कधी तोडायचं, सगळं घडाघडा सांगत होती. शेवटी बाईंनी विचारलं, "हे शिकवलं कुणी?"

"आमच्या मालकांनी. लगीन होऊन आले तवा मला काईच येत नव्हतं. पर कवा वाकडं बोलले न्हाईत. असा माणूस मिळाया नशीब लागतं."

घरात आईच्या तोंडी नुसती कटकट. हे मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला रडूच फुटलं. रेकॉर्ड करायचं मात्र कुणालाही सुचलं नाही, एवढे शहाणे आम्ही!

संपल्यावर मी उसाच्या बांधावर जाऊन हाक मारली. हँडल वर करून आबा आले. "नीट आलं का? माझं काय सांगितलंस का न्हाई?"

"तुमचं काय सांगायचंय त्यात? पाय धुवा, च्या टाकते."

मी तोंड उघडलं, तर आईनं असे डोळे वटारले की मी कपबश्या काढायला वळले.

"व्हय की," आबा हसले, "शेवंतीचंच इचारलं असंल, माझं कशाला!" आणि पाय धुवायला गेले.