पैऱ्याचा बैल

मी बेळगुंदी सोडली त्या सकाळी आप्पा मला पोचवायला आले नाहीत. छकडा दारात उभा होता, वळकटी चढवून झाली होती, आणि ते, आमचे वडील, गोठ्यात बैलाचे दावे सोडत होते. शेजारचे गुंडूकाका आपला बैल घेऊन आले होते. ते म्हणाले, "आप्पा, आज ऱ्हाऊ दे की. पोरगं पुण्याला चाललंय."

"मी ऱ्हायलो तर तुझा बैल बी ऱ्हातोय," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "जा. जेवत जा."

आई बेळगावच्या ठेसनापर्यंत आली. वाटेत ती एकच बोलली. "गुंडूदादा हाक मारत्यात तवर हे हाईत."

ज्यांच्याकडे एकेकच बैल असतो असे दोघे मिळून जोडी लावतात. एक दिवस याचे रान, एक दिवस त्याचे. याला आमच्याकडे पैरा म्हणतात. आप्पांचा पैरा गुंडूकाकांशी होता. मधूनच आप्पांना एक अवस्था येई. भिंतीकडे तोंड करून ते पडून राहत. जेवत नसत, बायकोमुलांच्या हाकेला ओ देत नसत. गाव म्हणे, बाहेरचे लागले. अंगारे झाले, उतारे झाले. आई त्यांना क्षणभरही एकटे सोडत नसे. गुण यायचा तो एकाच गोष्टीने. गुंडूकाका बैल घेऊन दारात उभे राहत आणि ओरडत, "बैल सोड रं! माझं रान काय तुझा बा नांगरणार?" आप्पा उठत. कधी फार उशिरा, पण उठत.

पुण्यात मी एका दैनिकात बातम्यांच्या इंग्रजी तारांचे भाषांतर करू लागलो. लढाई सुरू होती, तारा पुष्कळ येत. काही काळाने तीच अवस्था मला आली. वर्तमानपत्रातल्या माणसाला कारण शोधायची सवय असते. मला कारण सापडले नाही. नोकरी पक्की होती, खानावळ बरी होती, कोणी गेले नव्हते. तरी सकाळी पांघरूण काढणे होईना. ऑफिसला ताप आल्याचे कळवी. माझ्या तारा दुसरा कोणी करी आणि अंक वेळेवर निघे. मी उठलो नाही म्हणून तिथे काहीही थांबत नव्हते. मला भीती वाटे ती याची.

अशात गुंडूकाका गेल्याचे कळले. आप्पांना आता हाक कोण मारणार, या एका विचाराने मी गाडीत बसलो.

दिवसकार्य होईपर्यंत आप्पा शेजारच्या घरी वावरले, लाकडे फोडली, पाणी भरले. तेरावा झाला. दुसऱ्या सकाळी ते उठले नाहीत. ऊन उंबऱ्यावर आले. आई चुलीपुढे हात पिठात ठेवून तशीच बसली होती. मी हाक मारली नाही. माझ्या हाकेचा उपयोग नसतो, हे त्या घरात सर्वांना ठाऊक होते.

बाहेर गुंडूकाकांचा बैल हंबरला. थोड्या वेळाने पुन्हा.

आप्पा उठून बसले. पायांकडे बघत राहिले. एक वहाण घातली. दुसरीला इतका वेळ लावला की आईने पदर दातांत धरला. मग ते बाहेर पडले आणि शेजारच्या दारात जाऊन ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी प्रथमच ऐकला.

"वैनी, बैल सोडा!"

गुंडूकाकांच्या सोनाकाकी दारात आल्या. कपाळ मोकळे, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "कवाधरनं हुबा हाय त्यो. तुमीच उशीर केलासा."

"आज तुमचं रान आधी," आप्पा म्हणाले.

पुण्याला परतल्यावर मी संपादकांकडे प्रुफांचे टेबल मागितले. ते म्हणाले, "अहो, पगार कमी होईल. पायरी उतरायची हौस कुणाला असते?" मी कारण सांगितले नाही. प्रुफाला दोघे लागतात. एक मूळ मजकूर मोठ्याने वाचतो, दुसरा छापलेल्यावर नजर ठेवतो. एक आला नाही तर दुसरा बसून राहतो. तिथे आमच्याकडचाच, येळ्ळूरचा परशराम होता. त्याला मात्र मी सगळे सांगितले. त्याने हातातले प्रूफ बाजूला सारले. मग म्हणाला, "म्हंजे तू बैल, मी बी बैल. बरं जमलं."

आजार गेलेला नाही. तुम्ही जे गावात राहिलात, त्या तुम्हाला वाटते शहरात आम्ही सुटलो. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना वाटते गावी गेलो की बरे वाटेल. दोन्हीही खरे नाही. बेळगुंदीला माझे घर आहे, आप्पा आहेत, आणि सोनाकाकींचा बैल अजून आमच्या बैलाशेजारी जुंपला जातो. पण माझ्या दिवसाची सुरुवात जिथे होते, ती जागा आता पुण्यात, माझ्या चाळीच्या जिन्याखाली आहे. परशराम तिथे उभा राहून साऱ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल असा ओरडतो, "सोडलास काय रं बैल?"

काही सकाळी मला ओ देता येत नाही. तो जात नाही, पुन्हा ओरडतो. मी आधी एक वहाण शोधतो.