लंडनहून आणलेला हिरवा

लढाई संपल्यावर मी लंडनला जाऊन चित्रकला शिकून आलो, आणि आल्या आल्या मला नगरचं ऊनसुद्धा अडाणी वाटू लागलं. तरी रोज सकाळी विलायती टोपी घालून मी भिंगारच्या पुढे, डोंगरासमोर कॅनव्हास मांडून बसायचो. लोकांनी विचारावं म्हणून रस्त्याच्या अगदी कडेला.

विचारायचं कुणीच नाही. फक्त गोवऱ्या विकायला बाजारात निघालेली एक बाई थांबायची. डोक्यावर भरलेली पाटी, त्यामुळे तिला मान वाकवता येत नसे. मग ती गुडघ्यांत वाकून, नजर तेवढी खाली करून चित्र बघायची आणि निघून जायची. हा माझ्या कलेला मुजराच, असं मी समजत होतो.

एके दिवशी मात्र तिने पाटी खाली उतरवली आणि ती चित्रासमोर उकिडवी बसली.

“कंचं गाव हाय ह्ये, सायेब? लई पानी दिसतंय. लेकीला सोयरीक बघतीय मी.”

“अहो, हा समोरचाच डोंगर!” मी म्हणालो.

तिने वैशाखातला तो उघडाबोडका डोंगर पाहिला, मग माझं हिरवंगार चित्र, आणि शेवटी टोपीसकट मला.

“मग न्हाई द्यायची लेक,” ती म्हणाली. “चला, हात लावा.”

मी पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली. तळहातांना गोवऱ्यांचा भुगा चिकटला होता. तो झटकताना सहज समोर पाहिलं. डोंगराचा रंग नेमका तोच होता, आणि लंडनहून आणलेल्या रंगपेटीत तो नव्हता.