पाणबुडीचं पितळी झाकण

ह्यांनी घरच्या घरी पाणबुडी बांधायला घेतली, तेव्हा मला एकाच गोष्टीशी मतलब होता: वरचं झाकण चमकलं पाहिजे. आत बसलेला माणूस जिवंत वर येतो की नाही, ते नंतरचं. वय सव्वीस, अक्कल त्याच्या निम्मी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हे माजरीला कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. कॉलनीच्या क्लबातल्या टीव्हीवर पाणबुडी पाहिली आणि भंगारवाल्याकडून हवेची एक जुनी टाकी घेऊन आले. माणूस उकिडवा बसेल एवढी. बंद पडलेल्या एका खाणीत पाणी साचलं होतं, तिथं साखळीला बांधून पुरुषभर खोल उतरायचं, असा बेत. टाकीच्या तोंडाला झाकण हवं होतं, ते वर्कशॉपातले म्हातारे टर्नर भाऊ लेथवर कातून देणार होते. त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि अख्ख्या नोकरीत त्यांच्या हातचं एकही काम परत आलं नव्हतं. हे सगळ्या वर्कशॉपला ठाऊक होतं. मलाही.

भाऊ म्हणाले, "टाकी लोखंडाची, झाकणही लोखंडाचंच करू. वरून लाल रंग मारा, कडेले ग्रीस लावा. झालं."

"अन् दिसंन कसं? गटारावर ठेवल्यावानी?"

"पाण्यात कोण पाहून राह्यलं, बाई?"

"मासे पाहतीन ना, भाऊ."

ते हसले आणि मी जिंकले. ह्यांनी स्टेनलेस स्टीलचं नाव काढून पाहिलं, पण तेवढं जाड स्टील मिळेना. मग मी लग्नातला पितळी हंडा आणि पाण्याचे दोन पितळी गुंड पुढे केले. चंद्रपूरच्या ओताऱ्यानं ते वितळवून जाड ताटासारखं झाकण ओतून दिलं. त्याच्या कडेवर पाणी अडवायला रबर बसणार होतं, ती कड भाऊंनी लेथवर अशी सपाट केली की बोट फिरवलं तरी कुठे काही लागेना. ग्रीस फासून झाकण घरी आणून दिलं आणि बजावलं, "बाई, या कडेले हात लावू नका. काळी पडली तर पडू द्या."

मी लगेच चिंच भिजत घातली.

हे ड्यूटीवर गेले की मी ग्रीस पुसायची, चिंच आणि विटेची भुकटी घेऊन झाकण घासायची आणि ऊन पडेल असं दारात उभं करून ठेवायची. शेजारणी म्हणायच्या, "आरसाच हाय वो." तेवढ्यानं माझं पोट भरायचं. हे यायच्या आत पुन्हा ग्रीस. कडेवर ओतकामातला एक काळा ठिपका होता, तो काही जाईना. त्या एका जागी आठवडाभर वाळूनं घासलं. गेला शेवटी.

रविवारी सकाळी सगळे खाणीच्या काठावर जमलो. हे आत बसले, बोल्ट आवळले गेले, वजनं बांधून टाकी साखळीनं खाली सोडली. आतून ठोकलं की वर ओढायचं ठरलं होतं. झाकण पाण्याखाली गेलं न गेलं तोच ठोकणं सुरू झालं. वर काढून उघडलं तर हे डोक्यापासून चिंब, बुडाखाली वीतभर पाणी.

"काय भाऊ," हे सगळ्यांपुढे म्हणाले, "जाता जाता काम बिघडवलं तुमी."

भाऊंनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, कडेवर उभी धरली आणि झाकण उन्हाकडे केलं. एका जागी पट्टीखालच्या खळग्यातून उजेड दिसला. ठिपका होता तिथंच. त्यांनी तिथून अंगठा फिरवला, मग माझ्या हातांकडे पाहिलं. पितळ घासून नखं काळी-हिरवी झालेली. मी हात पदराखाली घेतले.

"माझंच चुकलं," भाऊ म्हणाले. "आता डोयाले दिसत नाई."

"घरी बसाचे दिवस आले, भाऊ," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले. गप्प राहिले ते एक वेळ सोडा, पण हसले कशाला?

निरोपाच्या कार्यक्रमातही तीच थट्टा झाली. भाऊ पोंभुर्ण्याजवळच्या त्यांच्या गावी निघून गेले.

पुढच्या वर्षी, माहेरी जाते असं सांगून मी एसटीनं त्यांच्या गावी गेले. भाऊ अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी रडत रडत सगळं सांगितलं. ते सोलतच राहिले.

"मले काऊन सांगता? मले तवाच समजलं होतं. ज्याले माहीत नाई, त्याले सांगा."

मग चहा पाजला आणि बसपर्यंत सोडायला आले.

घरात पाऊल टाकताच सांगायचं, असं बसमध्ये ठरवलं होतं. पाऊल टाकलं तर ह्यांना भूक लागलेली. म्हटलं, उद्या सांगू. त्या उद्याला चाळीस वर्षं होत आली. भाऊ गेले. टाकी भंगारात परत गेली. झाकण तेवढं आमच्या तांदळाच्या पिपावर आहे, हिरवं-काळं पडलेलं. कुणी पाहुणा आला की हे अजून ते उचलून दाखवतात आणि सांगतात, "टर्नर लय मोठा कारागीर होता, पण शेवटी डोयानं दगा दिला." तेवढ्यात मला आत चहा ठेवायचा असतो.

परवाही ठेवला. दूध उतू गेलं, तेव्हा ही वही काढली. लिहून झाली की ह्यांच्या पुढ्यात ठेवणार आहे. फक्त ह्यांचा चष्मा आज सकाळपासून मीच लपवून ठेवलाय, तो आधी काढून द्यावा लागेल.