अकरा महिने कोरे

माझे यजमान उत्तमराव यांनी १९७९ साली आपली एक किडनी धाकट्या बहिणीला, कोकिळाला दिली. दोन वर्षांनी नांदुऱ्याच्या रस्त्यावर जीप उलटून ते गेले. कोकिळाच्या नवऱ्याने आजारपणातच तिला मलकापूरला आमच्याकडे आणून सोडले होते. घरात आम्ही दोघीच उरलो. तिच्या गोळ्या, वजन, लघवीचे माप मी रोज दुपारच्या चहानंतर डायरीत लिहीत असे. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने लावलेली सवय ती.

पुढच्या उन्हाळ्यात कोकिळाचे अंग दुखू लागले. आज खांदे, उद्या पिंढऱ्या, कधी सगळेच. पापडांच्या दिवशी चार लाट्या लाटून तिने लाटणे खाली ठेवले. शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "काऊन वं कोकिळे, भावानं नवा पार्ट बसवून देल्ला, तरी गाडी जुनीच राह्यली काय?"

बायका हसल्या. मीही हसले. देणारा गेला आणि ही नुसती कण्हते, असेच माझ्या मनात होते.

पुढच्या मार्चमध्ये तपासणीसाठी मुंबईला गेलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "किडनी छान चालली आहे. अंग वगैरे दुखतं का?"

कोकिळाने माझ्याकडे पाहिले. "नाही जी. बरं हाय."

बाईंनी तिचा खांदा जरासा दाबला. ती कळवळली.

"घरी काय दिसतं?" त्यांनी मला विचारले.

मी मोठ्या ऐटीत डायरी काढली आणि गेल्या वर्षीची दुखण्याची नोंद वाचू लागले. "१४ एप्रिल. पापड लाटवले नाहीत. खांदे, पाठ, मनगटे दुखतात म्हणते." आणि थांबले.

"पुढे?"

"पुढे दुखण्याची नोंद नाही."

"अकरा महिने? म्हणजे थांबलं?"

"दुखणं नाही थांबलं," कोकिळा हळूच म्हणाली. "सांगणं थांबवलं. वहिनी, त्या दिवसाचं पुरतं वाचा ना. तुमची डायरी खिडकीतच असते. म्या वाचली."

वाचायचे नव्हते. तरी वाचले. "सगळे सोंग. यांची किडनी वाया गेली."

बाईंनी रिपोर्ट मिटले. मग म्हणाल्या, "किडनी बदललेल्या काहींचं असं सगळं अंग दुखतं. रिपोर्टमध्ये दिसत नाही, पण ते खरं असतं. हे कळलं असतं तर वर्षापूर्वीच काही करता आलं असतं."

परतीच्या गाडीत कोकिळाच मला म्हणाली, "भाऊ गेल्यावर कोन्या तोंडानं दुखते म्हनू, वहिनी?"

डायरीतली ती सोंगाची ओळ मी खोडलेली नाही. आता दुखण्याची नोंद तिला विचारून, तिच्याच शब्दांत लिहिते. विचारले की आजही ती आधी "बरं हाय" म्हणते. मी पेन खाली ठेवते, डायरी मिटते आणि पुन्हा विचारते.