मोत्याचा खोकला आणि लालीची पिल्लं

“हा केनेल कफ. एका कुत्र्याचा दुसऱ्याला लागणारा खोकला,” बारामतीच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. नळी कानातून काढून त्यांनी विचारलं, “गेल्या आठ-दहा दिवसांत हा दुसऱ्या कुत्र्यांत मिसळला होता?”

मी “नाही” म्हणालो.

ते खोटं होतं. सणसरला आमच्या उसाला लागून हसनभाईंचा मळा. त्यांची लाली आणि माझा मोत्या विहिरीवरच्या एकाच थारोळ्यात पाणी प्यायचे. लालीला महिन्याची चार पिल्लं होती.

मोत्या खोकून खोकून पांढरा फेस ओकायचा. वस्तीवर फेस दिसला की कुत्रं पिसाळलं म्हणतात अन् काठ्या काढतात. म्हणून मी त्याला चार दिवस वैरणीच्या खोलीत कोंडलं. घशात हाड अडकलं असेल म्हणून भाकरीचे गोळे कोंबले. धुळीनं खोकला वाढला, तेव्हा बैलगाडीत पोत्याखाली झाकून बारामती गाठली.

“पिसाळलेला नाही, हाडही नाही,” डॉक्टर म्हणाले. “गळ्याला दोरी नको, धूळ-धूर नको. कोमट पेज द्या. वेगळा ठेवा. मोठं कुत्रं दोन-तीन आठवड्यांत सावरतं. लहान पिल्लांचं मात्र न्यूमोनियावर जातं, म्हणजे फुप्फुसं सुजतात. दगावतात.”

तेव्हाही सांगता आलं असतं. परतताना बांधावरून हसनभाईंनी हाक दिली, “काय तात्या, मोत्याला गाडीतनं मिरवताय व्हय?”

“पाय मुरगाळलाय,” मी म्हणालो.

तीन दिवसांनी पलीकडून तसाच कोरडा खोकला ऐकू आला. आधी लालीचा, मग पिल्लांचा, बारीक आवाजातला. मी उसाला पाणी धरत होतो, पण कान तिकडं. आठवड्यानं हसनभाईंनी बांधाकडेला एक पिल्लू पुरलं. ते बघितलं आणि मी गाडी जुंपली. “उरलेली तिन्ही घ्या,” एवढंच म्हणालो.

दवाखान्यात दोन तास नंबर आला नाही. हसनभाईंच्या मांडीवर एक पिल्लू पोट आत ओढून श्वास घेत होतं. मी दुसरीकडं बघत बसलो.

डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई भरली. “लागण कुठून झाली?”

“काय की साहेब. आमच्याकडं दुसरं कुत्रं न्हाय,” हसनभाई म्हणाले.

“माझ्या मोत्याकडून,” मी म्हणालो. “मागं विचारलंत तेव्हा खोटं बोललो. ह्यांच्याशीही.”

डॉक्टरांनी पिल्लाला सुई टोचली. गाडीत बसल्यावर हसनभाई म्हणाले, “तात्या, तुमी सांगितलं असतं तर मी काय काठी काढली असती व्हय?”

मी कासरा हातात घेतला आणि बैल वळवले.

पाच दिवस रोज सुई होती. पाचही दिवस गाडी मी हाकली. तिसऱ्या दिवशी मांडीवरचं ते पिल्लू गेलं. दोन जगली.

तुमचं कुत्रं असं खोकलं तर डॉक्टरांच्याही आधी शेजाऱ्याला सांगा. दोन पिल्लं माझ्या गप्प बसण्यानं गेली.

हसनभाईंनी मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. पण गेल्या महिन्यात सकाळीच बांधावरून त्यांची आरोळी आली, “तात्या, मोत्याला धरा! आमची लाली शिंकतीया.”

मी मोत्याला घरात घेतलं.