बनाबाईची शिस्त

आमच्या गल्लीत बनाबाईसारखी टापटिपीची बाई दुसरी न्हाय. चार पोरं वाढवली, एकाचं नाक वाहताना कुणी बघितलं न्हाय, आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच ऐकवायची. जुन्या लुगड्यांच्या वाकळा तर अशा शिवायची की राधानगरीच्या बायका बघायला यायच्या.

तिची नात पूर्णिमा, सहा वर्षांची. चांगली शाणी पोर, ती गेल्या पावसाळ्यात पुन्हा अंथरुणात मुतायला लागली. मधनंमधनं ताप. लघवीला बसली की कळवळायची. सून संयोगिता म्हणाली, "आत्ती, एकदा डॉक्टरला दाखवूया की."

"डॉक्टर कशाला? लाडानं सोकावलीया ती. माझी चार पोरं काय डॉक्टरनं वाढवली व्हय?"

मग शिस्त सुरू झाली. पोरगी शाळेतनं आली की पाणी बंद. घागरीवर झाकण, झाकणावर वरवंटा. आणि सकाळी ओली वाकळ रस्त्याकडच्या दोरीवर, तिच्याखाली पूर्णिमा उभी. शाळेला जाणारी पोरं "मुतरी, मुतरी" ओरडायची. मीबी हसले, खोटं कशाला बोलू? "काय गं, पंचगंगेला पूर आला व्हय?" म्हणाले. माझी जीभ झडली न्हाय तवा.

दोन महिन्यांनी वाकळ कोरडी निघायला लागली. बनाबाईनं गल्लीत साखर वाटली. पोरगी आता शाळेतबी पाणी पीत न्हाय, हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय.

दिवाळीच्या तोंडावर तिला हुडहुडी भरून ताप चढला. कंबर धरून वाकडी झाली. कोल्हापुरात दवाखान्यात नेलं, तवा मी संगट होते. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लघवीच्या मार्गात जंतू झालेत, कित्येक महिन्यांपासून. तेव्हाच लघवी तपासली असती तर औषधानं बरी झाली असती. आता एक किडनी खराब झालीय, ती सुधारायची नाही. दुसरी जपा. हिला भरपूर पाणी पाजा."

संयोगितानं रिकामा गिलास सासूच्या हातात दिला. रडलीसुदिक न्हाय.

बनाबाईनं गिलास भरला, नातीच्या ओठाला लावला. पोरीनं दात आवळले. पाणी गळ्यावरनं खाली, खाटेवर सांडलं. पूर्णिमानं भ्यालेल्या डोळ्यांनी ओली चादर बघितली आणि हातानं पुसायला लागली.

"पी गं माझी बाय, पाया पडते तुझ्या," बनाबाई म्हणाली.

"नको आजी. मी शाणी झालीया की," पूर्णिमा म्हणाली. "मला आता तहान लागतच न्हाय."