वेताळाची चाल मी अर्धी सोडली

पहिलं सांगून टाकतो — भूत, चकवा, करणी, लागीर यातल्या एकाशीही माझा कधी संबंध आला नाही. उलट कुणी असलं काही सांगायला लागलं की मी त्याला विचारायचो, "भुतानं आधार कार्ड दाखवलं का?" माझा देव एकच. चार तारांचा, काळा, आणि त्याचं नाव बास गिटार.

मी आळेफाट्याचा. मूळचे आम्ही आंबेगावच्या डोंगराकडचे, पण वडील गॅरेजच्या कामासाठी फाट्यावर आले आणि इथलेच झालो. आमचा आठ जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. लग्न, हळद, जत्रा, वाढदिवस, सगळं करतो. आमच्या ग्रुपात लोकांना गायक दिसतो, ढोलकीवाला दिसतो. बासवाला कुणालाच दिसत नाही. पण मी हात काढला की गाणं लुळं पडतं. माझ्या खालच्या तारेनं हॉटेलातल्या बिस्किटांच्या बरण्या सरकतात. नारायणगावात एका हळदीला मी इतका खोल सूर लावला होता की मांडवाबाहेरच्या कोंबडीनं तिथंच अंडं दिलं. खोटं वाटत असेल तर कोंबडीला विचारा.

गंमत सोडा. सांगायचं एवढंच, की लोकांना वाटतं बासचा टोन मशिनीत असतो. चूक. टोन बोटात असतो. लावणीला मी बोटाचं मांस वापरतो, गळ्याजवळ तार छेडतो — आवाज गोल येतो, ढोलकीच्या बायाला, त्या जाड आवाजाच्या पुडीला, बिलगून घसरतो. भजनाला अंगठा, आणि तळहाताची कड तारेवर दाबून — मातीच्या घागरीवर टिचकी मारल्यासारखं, बुड् बुड्. कोळीगीताला तार मोकळी सोडायची, होडीसारखी हलू द्यायची. आणि डीजेवालं रिमिक्स असेल तर अंगठ्यानं तारेला सरळ फटका... तिथं आवाज नसतोच, तिथं कानाखाली बसते. एकच गिटार, पण मी चार वेगळी माणसं असल्यासारखा वाजवतो. याचा मला लई माज होता. त्या माजाचीच ही गोष्ट.

माझी धाकटी बहीण सुमन मढच्या पुढच्या एका वाडीत दिलीय. वाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथं उन्हाळ्यात बोहाडा होतो — देवांची, दैत्यांची लाकडी सोंगं घालून माणसं नाचतात. लहानपणी मी तो पाहिलेला. प्रत्येक सोंग एका घरातलं आणि प्रत्येक सोंगाची संबळावरची चाल वेगळी. नियम एकच: सोंग घरातून निघालं, देवळाला फेरी मारून परत त्याच घराच्या उंबऱ्यावर आलं आणि तोंडावरून उतरलं, की मगच चाल थांबवायची. तोवर तीच चाल, न बदलता.

त्या वाडीत शेवटचं सोंग वेताळाचं. दिवस उगवल्यावर निघतं. आणि वेताळाचा मान माझ्या मेव्हण्यांच्या घरात — दशरथ दाजी. साडेपाच फूट, शांत माणूस. भात लावतात, हिरडा गोळा करतात, आणि माझे विनोद दोनदा ऐकूनही दोन्ही वेळा हसतात. असा मेव्हणा मिळायला भाग्य लागतं.

या वर्षी घोटाळा असा झाला, की संबळ वाजवणारे कोंडिबाबा हिरड्याच्या झाडावरून पडले आणि उजवा हात प्लास्टरात गेला. दुसरा वाजवणारा वाडीत नाही. तेव्हा मीच छाती पुढे काढून सांगितलं, काळजी करू नका, संबळाचा खालचा आवाज मी बासवर काढतो, वरचा आमचा ऑक्टोपॅडवाला काढील. कोंडिबाबांना ते पटलं नव्हतं. पण बोहाडा मोडण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांनी मला आदल्या दिवशी दुपारभर तोंडानं चाली शिकवल्या. वेताळाची चाल विचित्र होती... सरळ चालते, सरळ चालते, आणि मध्येच एक मात्रा गिळते. लंगड्या माणसानं उंबरा ओलांडावा तशी. मी ती तासाभरात धरली. बाबा एवढंच म्हणाले, "धरली खरी. आता सोडू नको."

रात्रभर बाकीची सोंगं झकास झाली. सकाळी साडेसातच्या सुमाराला वेताळ निघाला. स्वच्छ ऊन. समोर डोंगर, देवळाच्या अंगणात दोन-तीनशे माणसं, निम्म्यांच्या हातात मोबाइल. दाजींच्या डोक्याला फडकी बांधून वर ते लाकडी तोंड आवळलेलं — आतून फक्त नाकपुड्यांच्या भोकांतून दिसतं. मागून दोघांनी त्यांच्या कमरेचं धोतर धरलेलं. मी चाल लावली. दाजी तोलून पाय टाकत देवळाकडे निघाले.

देवळाला अर्धी फेरी झाली आणि मला खाज सुटली.

पोरं कंटाळलेली दिसत होती हो. मोबाइल खाली यायला लागलेले. मी म्हटलं, आठ मात्रा. फक्त आठ मात्रा रिमिक्सच्या टाकू, परत चालीवर येऊ, कोणाला कळतंय? अंगठा वर उचलला आणि दिला फटका.

शिट्ट्या पडल्या. वेताळ थांबला. सावकाश वळला आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मग कंबर हलवायला लागला. पब्लिक वेडं झालं. मीही हसत होतो. आठाच्या सोळा झाल्या, सोळाच्या बत्तीस. मग चालीवर परत यायला गेलो... आणि चाल सापडेना. आदल्या दुपारी शंभर वेळा घोटलेली चाल, पार पुसून गेलेली. ती गिळायची मात्रा कितवी, तेच आठवेना. कोंडिबाबा ओट्यावरून तोंडानं बोल सांगत होते, मला त्यांचे ओठ दिसत होते, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. शेवटी मी हात उचलला. ऑक्टोपॅडवाल्यानंही काठ्या खाली ठेवल्या.

अंगणात एकदम शांतता. आणि त्या शांततेत वेताळ रिमिक्सवर नाचत होता.

धोतर धरणाऱ्या दोघांना त्यानं फरफटत नेलं. लाकडाच्या आतून घरघर ऐकू येत होती, श्वास पुरत नसलेल्या माणसाची. सुमी ओरडली, "तोंड काढा त्याचं, गुदमरतोय त्यो." चार जणांनी आडवं पाडून तिथंच, देवळामागं, सोंग उतरवलं. उंबरा राहिला शंभर पावलांवर. आत दाजींचे डोळे उघडे होते पण ओळख नव्हती. आणि अंगावर चार माणसं बसलेली असताना पाय मात्र मातीत ताल धरून चाललेले. वीस-पंचवीस मिनिटांनी थांबले. दाजी उठून बसले, पाणी प्यायले आणि मला विचारलं, "पावणं, झाली का फेरी?"

मी म्हटलं, झाली.

आठ-दहा दिवसांनी फाट्यावर आमची प्रॅक्टिस चालू होती. सकाळचे अकरा-साडेअकरा. लावणी. सुमीचा फोन आला, हसत होती. दाजी गोठ्यात शेण काढता काढता लावणीसारखे मुरडायला लागले, म्हणे. शेजारणी पदर तोंडाला लावून बघतायत. मीही हसलो. दोन दिवसांनी भजनाची रंगीत तालीम — फोन. दाजी जेवता जेवता डोळे मिटून डुलतायत, घास हातातच. या वेळी ती हसत नव्हती. तिनं वेळ विचारली. मी सांगितली. तालमीची आणि डुलण्याची वेळ एकच निघाली.

मग मी काय केलं असेल? शहाणा माणूस गिटार ठेवून देतो. मी मोबाइल कानाला लावून तिला म्हटलं, बघ हां त्यांच्याकडे... आणि खालची तार एकदाच छेडली.

"उजवा पाय," सुमी म्हणाली.

दोनदा छेडली.

"दादा, पुरे."

तरीही मी मानायला तयार नव्हतो. योगायोग असतो, मनाचे खेळ असतात, मीच लोकांना सांगत आलोय. महाळुंगे पडवळला एका हळदीची ऑर्डर होती, दुपारची. तिथं कोळीगीत सुरू झालं, मी तार मोकळी सोडली, मांडव डोलायला लागला. दाजी तेव्हा पावसाआधी कौलं चाळायला घराच्या छपरावर चढले होते.

डॉक्टर म्हणाले, नशीब, गवताच्या भाऱ्यावर पडले. नुसती नडगी मोडली. मी नारायणगावच्या दवाखान्यात गेलो तर दाजी गुंगीत होते. पाय प्लास्टरात, मांडीपर्यंत. सुमीनं माझा हात धरून त्या प्लास्टरवर ठेवला. मोडलेल्या हाडाचा पाय... आतल्या आत हलत होता. बारीक. मांजर पोत्यात हालावं तसा. तेव्हा फाट्यावर माझ्या जागी दुसरा कुणी माझी गिटार वाजवून बघत होता, हे मला नंतर कळलं.

सुमी रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुजं वाजवणं आनि माजा नवरा. दोन्ही नाय ऱ्हायचं."

तिथून थेट कोंडिबाबांकडे गेलो. मला वाटलं, शिव्या घालतील. ते हिरडा निवडत बसले होते, डाव्या हातानं. म्हणाले, सोंग उंबऱ्यात उतरलं न्हाई म्हंजे त्ये अजून फेरीतच हाय. त्याला वाजवनाऱ्यानं धरलेलं असतं. तू चाल सोडली, त्याला सोडलं न्हाईस. उपाय विचारला. उपाय एकच — पुढच्या बोहाड्याला सोंग पुन्हा निघेल, तेव्हा चाल लावून उंबऱ्यापर्यंत न्यायची. तोवर? "तोवर हात बांधून बस, राव."

फाट्यावर आलो, गिटारीच्या चारही तारा काढल्या, वेटोळी करून डब्यात टाकल्या. ग्रुपला सांगितलं, मनगट दुखतंय. त्यांनी दुसरा बासवाला घेतला, त्याची स्वतःची गिटार. तो वाजवतो तेव्हा दाजींना काही होत नाही. पावसाळा सुखाचा गेला. प्लास्टर निघालं, दाजी काठी टेकत बांधावर जायला लागले. मला वाटलं, निभावलं.

मागच्या मंगळवारी सकाळी दहाला मी फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. सुमीचा फोन. ती पळत बोलत होती. दाजी काठी टाकून विहिरीच्या कडेकडेनं नाचतायत, तिघांना आवरत नाहीत, कठडा नाही तिथं.

"दादा, थांब. वाजवू नको."

मी म्हटलं, अगं, मी कुठं वाजवतोय? तारा डब्यात आहेत, मी चहा पितोय...

समोर बसलेला ट्रकवाला माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे नाही, टेबलाकडे. मी खाली बघितलं. माझा उजवा अंगठा टेबलाच्या कडेवर फटके देत होता. बशी थरथरत होती.

डाव्या हातानं तो धरला. तिकडे दाजी खाली बसले. विहिरीपासून दोन हातांवर.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. एका मानसोपचारवाल्यांना भेटलो, त्यांनी झोप येण्याच्या गोळ्या दिल्या. घेत नाही. झोपेत हात काय करतो ते कुणी पाहिलंय? बोहाड्याला अजून सहा महिने आहेत, आणि ती गिळायची मात्रा मला अजून आठवत नाही. बाबांकडून पुन्हा शिकावी तर शिकताना तिकडे दाजींचं काय व्हायचं, ते बाबाही सांगू शकत नाहीत.

शुद्धलेखनाच्या चुका माफ करा. हे सगळं डाव्या हातानं टाइप केलंय. उजवा मांडीखाली दाबून बसलोय... आणि मघापासून मांडीला खालून ठेक्यात काहीतरी लागतंय.